चार अक्षरांतले दोन ‘हे’

चांगुणाबाई घाटगे यांनी आपल्या नवऱ्याचं नाव उभ्या आयुष्यात एकदाच घेतलं होतं, तेही यमक जुळवून. कागलजवळच्या त्यांच्या गावात पाळकांनी लग्न लावलं. घाटग्यांचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. पण उंबऱ्यात नवरीला अडवून उखाणा मागणाऱ्या बायका कुठल्याही लग्नात असतात त्याच होत्या. धर्म बदलला म्हणून नणंदा थोड्याच बदलतात. "चुलीवरच्या भाकरीला पदर सुटला छान, हिंदुरावांचं नाव घेते, ऐका देऊन कान," एवढं म्हणून चांगुणा घरात शिरली, आणि ते नाव पुन्हा तिच्या ओठांवर आलं नाही.

ख्रिस्ती माणसाचं नाव हिंदुराव कसं, असं अंबरनाथला आल्यावर पुष्कळांनी विचारलं. आजोबांनी धर्म बदलला, पण घरात पोरांची नावं ठेवायचं काम आजीनं कुणाला दिलं नाही, एवढाच त्यातला इतिहास. हिंदुराव एमआयडीसीत लेथवर टर्नर होते आणि चांगुणा आनंदनगरला औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. दोघं आता निवृत्त. बँकेत कुणी "पती का नाम?" म्हणून विचारलं की ती आधारकार्ड पुढं सरकवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची. घरात ते "अहो" होते, शेजारणींत "आमचे हे" होते आणि गावाकडं गेलं की "धनी" व्हायचे. एका माणसाला तीन-तीन संबोधनं असताना नावाची गरजच काय, असा तिचा सरळ हिशेब होता.

लेक ऋतिका बदलापूरला दिलेली. ती आपल्या नवऱ्याला "ए सुयोग, पंखा लाव" असं म्हणायची तेव्हा चांगुणाच्या अंगावर काटा यायचा. "अगं, घेऊन घेऊन नाव झिजतं," ती लेकीला म्हणायची. मग ऋतिका मुद्दाम आणखी दोन हाका मारायची.

या संसारात चांगुणाची अगदी स्वतःची अशी एकच गोष्ट होती. रोज दिवेलागणीला ती स्टूल ओढून खिडकीपाशी बसायची आणि हिंदुरावांना शास्त्र वाचून दाखवायची. म्हणजे बायबल, जुनं, मराठी, मांडीवर घेतलं तर पाय आखडावा असं जड. हिंदुराव डोळे मिटून ऐकायचे. तरुणपणी एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांनी त्यांना हिब्रूची बाराखडी शिकवली होती, तेव्हापासून त्यांना शब्दांचा नाद. मध्येच हात वर करायचे. "थांब. ते वाक्य परत घे." ती परत घ्यायची. "आता कसं गोड लागलं," असं ते म्हणाले की चांगुणाला वाटायचं, ते वाक्य आपणच लिहिलं. अख्ख्या मंडळीत नवऱ्याला रोज तासभर गप्प बसवणारी बाई आपणच, हा तिचा अभिमान, आणि या तासात तिनं कधी नातवंडांनाही वाटेकरी होऊ दिलं नव्हतं.

तिथं अस्मिता आली.

गेल्या वर्षी बदलापूरच्या एका लहानशा मंडळीनं, म्हणजे चर्चनं, शास्त्राचं नवं, सोपं मराठी भाषांतर करायला घेतलं. हिब्रूतून मराठी करण्याचं काम अस्मिता वाघमारेकडं होतं. ती हिब्रू शिकलेली, पस्तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली आणि बदलापुरातच कात्रपला स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. या गोष्टी सुट्या सुट्या चांगुणाला चालल्या असत्या. एकाच बाईच्या ठिकाणी गोळा झाल्यावर तिच्या पोटात दुखायला लागलं. मसुदा कानाला कसा लागतो हे सांगायला मंडळीला काही साधी माणसं हवी होती, आणि पाळक अमित यांनी हिंदुरावांना बोलावलं. का, तर म्हणे त्यांचा कान चांगला आहे. तो कान रोज वाचून वाचून तयार कुणी केला, हे विचारायला कुणी अंबरनाथला आलं नाही.

दर शनिवारी दुपारी अस्मिताच्या घरी बैठक भरायची. पाळकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इथं काका-मामा नको, सगळ्यांनी नावानं बोलायचं, म्हणजे मत देताना वयाचा धाक राहत नाही. हिंदुरावांनी घरी येऊन हे फार कौतुकानं सांगितलं.

"अस्मिता मला सरळ हिंदुराव म्हणते."

"आणि तुम्ही ऐकून घेता?"

"नावच आहे माझं. काय बिघडलं?"

चांगुणानं त्या रात्री आमटीत मीठ घातलं नाही. हिंदुरावांनी ती मुकाट्यानं ओरपली, त्यामुळं तिचा जास्तच तिळपापड झाला. अळणी आमटी कळू नये इतकं यांचं मन कुठं गुंतलंय, हा विचार तिला भाकरी मोडताना आला आणि मग कितीतरी दिवस गेला नाही.

मसुद्याची पानं घरी आली तेव्हा मात्र तिला बरं वाटलं. हिंदुरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणजे भाषांतर कुणीही करो, वाचणार चांगुणाच. ती स्टुलावर बसली, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला हिंदुरावांचा हात वर झाला.

"काय लिहिलंय तिथं?"

"परमेश्वर."

"नीट बघ."

तिनं नीट बघितलं. छापलं होतं, याहवे.

"मग लिहिलंय ते वाच की. ते देवाचं नाव आहे, हिब्रूत आहे तसं. परमेश्वर हा शब्द आधीच्या भाषांतरवाल्यांनी त्या जागी घातलाय. इंग्रजीवाले तिथं लॉर्ड घालतात. जो तो आपापल्या भाषेतला मान देतो. अस्मिता म्हणते, आपण नावच ठेवू."

चांगुणानं पुन्हा सुरुवात केली. ओळ चांगली चालायची, त्या शब्दापाशी यायची आणि तोंडातून आपोआप "परमेश्वर" निघायचं. डोळ्यांना एक दिसत होतं आणि जीभ दुसरंच बोलत होती. हिंदुराव सुधारायचे, ती मान हलवायची, पुढच्या ओळीत पुन्हा तेच.

"नाव म्हणता, आणि असं उघडं तोंडावर घ्यायचं?" ती शेवटी म्हणाली. "मला नाही जमायचं."

"अगं, पण नवं कसं लागतं तेच मला ऐकायचंय. तू जुनंच ऐकवतेस. मी मत काय देऊ तिथं?" हिंदुराव कधी नव्हे ते वैतागले होते. शनिवारी त्यांनी ही अडचण बैठकीत सांगितली, आणि अस्मितानं तिच्यावर लगेच उपाय काढला. तेवढी ती हुशार होतीच.

रविवारपासून तिचा आवाज घरी यायला लागला. ती रोजचा अध्याय वाचून, रेकॉर्ड करून फोनवर पाठवायची. दिवेलागणीला हिंदुराव फोन स्टुलावर उभा करून ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "हिंदुराव, आजचा अध्याय जरा मोठा आहे," असं तो फोन म्हणायचा. ज्या स्टुलावर चांगुणा इतकी वर्षं बसली तिथं आता हातभर लांबीचंही नसलेलं एक यंत्र ऐटीत बसलं होतं, आणि त्यातून परकी बाई तिच्या नवऱ्याला त्याचं नाव घेऊन शास्त्र ऐकवत होती. चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, जाळ आला. ती त्या वेळेला स्वयंपाकघरात जाऊन मिरच्या कुटायची.

एके दिवशी बत्ता चालू असतानाच तिच्या कानावर तुटक वाक्यं पडली.

"...वावच्या आधीही आणि वावच्या नंतरही, हिंदुराव, हे येतात... हे काढले तर मग राहतंच काय?"

चांगुणाचा हात थांबला. हे येतात? एवढ्या वर्षांत हिंदुरावांना "हे" म्हणणारी बाई जगात एकच होती आणि ती हातात बत्ता घेऊन उभी होती. नाव घेते ते घेते, वर आता "हे" सुद्धा म्हणते. म्हणजे बायकोच्या वाटचं काही ठेवलंच नाही. आणि वाव म्हणजे काय? बदलापुरात रोज नवं काहीतरी उघडतं. असेल वाव नावाचं चहाचं नाहीतर आइस्क्रीमचं दुकान. तिथं जायच्या आधी हे येतात आणि तिथून आल्यावरही हे येतात. शनिवारची बैठक चारला सुटते आणि माणूस सातला घरी उगवतो, त्याचाही उलगडा झाला.

तिनं लेकीला फोन लावला. "ऋतिका, तुमच्या कात्रपला वाव म्हणून काही आहे का गं?"

"असेल. हल्ली काहीही असतं इथं. का गं आई?"

"काही नाही. सहज."

शनिवारी ती साडी बदलून तयार होऊन बसली. "तुम्हाला दिसत नाही, रिक्षातून उतरताना पाय मुरगळेल," ती म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधी नीट जमलं नव्हतं, पण हिंदुरावांना खरंच दिसत नसल्यामुळं चालून गेलं. डब्यात धपाटे आणि खर्डा घेतला होता. रिकाम्या हातानं जाऊन पाहणी करणं बरं दिसत नाही.

अस्मितानं दार उघडलं. ती दिसायला साधीच निघाली, आणि त्यानं चांगुणाला हायसं वाटायच्या ऐवजी आणखी धास्ती वाटली. "काकू, या ना, बसा," अस्मिता म्हणाली, आणि लगेच, "हिंदुराव, इथं बसा, उजेड डोळ्यांवर येणार नाही." चांगुणाच्या मनात तिथंच हिशेब झाला. आपण काकू आणि हे हिंदुराव. आपल्याला आदरानं वरच्या पायरीवर चढवून ठेवलं आणि यांना हात धरून आपल्या पायरीवर बसवून घेतलं. मग चहा आला, बिनसाखरेचा. घरात एक चमचा कमी पडला तर कप परत पाठवणारा माणूस तो चहा शहाण्या मुलासारखा प्यायला.

पाळक अमित आणि आणखी दोघं आले. बोलणं सुरू झालं. चांगुणानं थोडा वेळ कळ काढली, मग तिच्यानं राहवेना.

"मला तेवढं ते वाव दाखवा," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"वावच्या आधी हे येतात, वावच्या नंतरही हे येतात, असं फोनवर ऐकलंय मी. मी बहिरी नाही. कुठं येतात तेवढं एकदा बघू द्या."

अस्मिता उठली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यापाशी गेली. फळ्यावर चार अक्षरं होती. "काकू, हे उजवीकडून वाचायचं," ती म्हणाली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. "योद. हे. वाव. हे. हिब्रू अक्षरांची नावं आहेत ही. देवाचं नाव या चार अक्षरांत लिहितात. वाव हे अक्षर मध्ये येतं, आणि दोन्ही बाजूंना हे येतात."

पाळकांच्या घशात धपाटा अडकला. मग जे हसणं सुरू झालं ते आवरेना. अस्मिता हसली, ते दोघं हसले, हिंदुराव तर गुडघ्यावर हात मारून हसले. चांगुणाही हसली असती. चूक आपली होती हे तिला कळत होतं आणि देवाच्या नावात दोन-दोन हे आहेत याची गंमतही वाटत होती. पण हसताना हिंदुरावांनी आधी अस्मिताच्या आवाजाकडं तोंड वळवलं होतं. नवरा आपल्याला हसला याचं तिला काही वाटलं नाही; तो कुणाबरोबर हसला, ते खुपलं.

अस्मितानं मग तिला सगळं समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, हे कबूल केलं पाहिजे. ते जुने यहुदी लोक शास्त्र वाचताना या चार अक्षरांपाशी आले की ती उच्चारत नसत. नाव फार पवित्र. त्याऐवजी म्हणत, अदोनाय, म्हणजे माझा धनी. नाव घ्यायचं ते फक्त मुख्य याजकानं, वर्षातून एकदा, मोठ्या सणाच्या दिवशी मंदिरात. पुढं वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून त्यांनी अक्षरं त्या नावाची ठेवली आणि खाली काना-मात्रा मात्र दुसऱ्या शब्दाच्या घातल्या, त्या धनीच्या. हे माहीत नसलेल्यांनी दोन्ही एकत्र वाचलं आणि त्यातून यहोवा झालं.

"म्हणजे लिहायचं एक नि म्हणायचं एक," चांगुणा म्हणाली. "आणि मुख्य असेल त्यानं सणासुदीला घ्यायचं. आमचा उखाणाच की हा. मग बरोबर आहे त्यांचं. धनी म्हणावं, परमेश्वर म्हणावं. नाव कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

"पण काकू, त्यामुळंच तर ते हरवलं," अस्मिता मऊपणानं म्हणाली. "पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोठ्यानं म्हटलंच नाही. आता ते नक्की कसं म्हणायचे, हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. याहवे हासुद्धा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि परमेश्वर ही पदवी झाली हो. ती कुणीही आपापल्या देवाला लावतं. हाक मारल्यावर कुणीही वळून बघेल. नाव एकाचंच असतं."

"पटतं मला अस्मिताचं," हिंदुराव म्हणाले.

चांगुणानं डबा बंद केला. पाळकांनी सांगितलं की दोघांचं मत याहवेला आहे, दोघांचं परमेश्वराला, आता हिंदुरावांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून यावं, स्वतः पानं बघावीत आणि मग काय ते सांगावं. त्यांचं मत पडेल त्या बाजूनं छपाई. चारला सुटायची बैठक बोलता बोलता साडेसहाला सुटली. येताना रिक्षात चांगुणा एकाच गोष्टीचा विचार करत होती. हे याहवे म्हणाले की पुस्तक तसंच छापणार, ते घरात येणार, आणि ते आपल्याला वाचता येणार नाही. मग स्टूल कायमचं त्या फोनचं.

"तुला राग आलाय," हिंदुराव म्हणाले.

"मला कशाला येईल?"

ऑपरेशन उल्हासनगरला ठरलं, कॅम्प चारमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात. एका वेळी एकच डोळा. अस्मिताचा चांगुणाला फोन आला. "काकू, तारीख तुम्हाला विचारा म्हणाले हिंदुराव. मी गाडी घेऊन येते, तुमची धावपळ नको."

"गुरुवारी आहे," चांगुणा म्हणाली.

ऑपरेशन बुधवारी होतं. खोटं इतक्या सहज निघालं की ते संपल्यावरसुद्धा तिला आपण खोटं बोललो असं वाटेना. उलट फोन ठेवल्यावर तिनं शांतपणे दोन चमचे साखर घालून चहा केला.

बुधवारी सकाळी दवाखान्यात पोहोचल्यावर हिंदुरावांनी विचारलं, "अस्मिता थेट इकडंच येणार ना?"

"बघू," ती म्हणाली. तेवढ्यात त्यांना आत नेलं.

बाहेरच्या बाकांवर पेशंटांच्या बायका, सुना, लेकी बसल्या होत्या. डोळ्याला पट्टी बांधून झालेल्यांना हिरव्या पडद्यामागं खुर्च्यांवर बसवत होते. दुपारी सिस्टर बाहेर आली. ती उल्हासनगरचीच, सिंधी, गडबडीतली. "चलो, अपने अपने पेशंट को आवाज दो. जिसका नाम लिया वो बाहर आएगा. अंदर भीड नहीं करनी."

चांगुणा पडद्यापाशी गेली आणि सवयीनं म्हणाली, "अहो."

"काय गं?" आतून उत्तर आलं. एक नाही, दोन घशांतून, आणि तिसरा कुणी नुसतंच "आलो" म्हणाला. त्यातला एकही आवाज तिच्या घरचा नव्हता. मागं बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"आजी, ऐसे तो पूरी लाइन उठ के आ जाएगी," सिस्टर म्हणाली. "बाबा का नाम बोलो ना."

आधारकार्ड पुढं करावं तर ते फायलीबरोबर आत गेलेलं. चांगुणा पडद्याकडं बघत उभी राहिली. हाक मारल्यावर कुणीही वळून बघेल, असं ती बाई म्हणाली होती, आणि खरंच तीन परके पुरुष वळले होते. तिच्या मनात संताप दाटून आला. ती कालची पोरगी बिनसाखरेचा चहा पीत पीत दिवसातून दहादा जे नाव घेते, ते घ्यायला आपल्याला सिस्टरनं सांगावं लागतं. आपलं माणूस, आणि हाक तिच्या मालकीची.

"हिंदुराव," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. तिनं घसा साफ केला आणि पुन्हा, मोठ्यानं, नीट म्हटलं, "हिंदुराव."

पडद्यामागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, खुशीत आलेला. "आलो, आलो. तुम्ही आलात होय, अस्मिता?"

चांगुणाचा जीव असा पोळला की तिनं पडदा हातात घट्ट धरला. लग्नापासून जपलेली एकच वस्तू तिनं आज बाहेर काढली होती आणि ती निघाली दुसरीची. हिंदुराव पडदा चाचपत बाहेर आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू तसाच. हात पुढं केलेला होता, अस्मिताच्या हातासाठी. तिनं तो धरला नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी आहे."

हिंदुरावांनी मान तिच्याकडं वळवली. पुढं केलेला हात खाली आला आणि चाचपल्याशिवाय बरोबर तिच्या खांद्यावर पडला.

"तू? मग नाव घेऊन हाक का मारलीस? मला वाटलं, बाहेरचं कुणी आलंय."

"आधी अहो म्हटलं तेव्हा कुठं होता?"

"उठतच होतो. तेवढ्यात ते दोघं-तिघं बोलले. म्हटलं, त्यांच्यातल्या कुणाची असेल. मग नाव ऐकलं. तू तर नाव घेत नाहीस."

ती त्यांना बाकाकडं घेऊन गेली. औषधं मिळेपर्यंत बसायचं होतं.

"अस्मिता का आली नाही?" हिंदुरावांनी विचारलं.

"मी तिला गुरुवार सांगितला."

"आज बुधवार आहे."

"हो."

"चुकून सांगितलास?"

"नाही," चांगुणा म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. "मला नको होती ती इथं. तिचा चहा नको, तिचा फळा नको, माझ्या घरात तिचा आवाज नको. तिनं काही वाईट केलं नाही, माहीत आहे मला. चांगली आहे पोर. तरी मला जळतं. तुम्ही हसताना आधी तिच्याकडं तोंड करता. माझ्या स्टुलावर तुम्ही तो फोन ठेवलात, आणि मी कुठं बसायचं ते एकदासुद्धा विचारलं नाही."

हिंदुरावांच्या पट्टीच्या कडेनं पाणी येत होतं, ते औषधाचं होतं का ते सांगता येत नाही. समोरून एकेक "अहो" आपापल्या बायकोचा हात धरून जिन्याकडं जात होता.

"त्या चार अक्षरांवरून वर्षभर आमची डोकेफोड चाललीय," ते म्हणाले. "पण त्याच शास्त्रात देवानं मोशेला आपलं आणखी एक नाव सांगितलंय. ते सरळ मराठीत केलंय, आणि त्यावरून आमच्यात कुणी हूं की चूं केलं नाही."

"कुठलं?"

"ईर्ष्यावान."

चांगुणानं त्यांच्याकडं पाहिलं. "मला बोलताय?"

"देवाबद्दल बोलतोय. तू ओढून घेऊ नको." त्यांचं तोंड सरळ होतं, पण ओठाचा कोपरा हलत होता. "आपलं माणूस दुसऱ्याच्या मागं गेलेलं ज्याला खपत नाही, तो. एवढी माया असल्याशिवाय कुणी एवढं जळत नाही, असा त्याचा अर्थ लावतात."

चांगुणानं पदरानं त्यांच्या गालावरचं पाणी टिपलं, पट्टीला धक्का न लावता.

"शनिवारी मी सांगणार आहे, नाव छापा," हिंदुराव म्हणाले, आणि तिचा हात तिथंच थांबला. "अस्मिताचं खरं आहे. नाव हरवायला नको. पण वाचणाऱ्याच्या जिभेला कुलूप लावू नका. ज्याला जे येतं ते त्यानं म्हणावं. डोळ्यांनी नाव बघायचं आणि तोंडानं धनी म्हणायचं, त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. मी मात्र तू तेच केलंस म्हणून तुझ्यावर ओरडलो."

"आणि आज दिवेलागणीला?"

"आज तू वाच," ते म्हणाले. "फोनमधली जे लिहिलंय तेवढंच वाचते."